फुप्फुसाचा कर्करोग, मेसोथेलिओमा आणि कर्करोग केंद्रातले पहिले काही आठवडे

मामांच्या छातीच्या एक्स-रेवर उजव्या बाजूला वरच्या भागात पांढरट डाग दिसला आणि घरातल्या प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, "किमो कधीपासून?" आम्ही धावलो. जवळच्या रुग्णालयात बारीक सुईने थोड्या पेशी काढल्या आणि चार दिवसांत कागद हातात आला: कर्करोगाच्या पेशी आढळल्या. तो घेऊन कर्करोग केंद्रात गेलो, तर तिथल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न टाकला, "ब्लॉक कुठे आहे?" ब्लॉक, म्हणजे मेणात बसवून जपलेला तुकडा, नव्हताच. काढलेल्या पेशी दोन काचांवर पसरून संपल्या होत्या. पुन्हा बायोप्सी, पुन्हा वाट. तीन आठवडे त्यात गेले.

हा लेख त्या तीन आठवड्यांपोटी लिहितोय. मी डॉक्टर नाही. आधी मामांची आणि नंतर ओळखीतल्या लोकांची फाईल काखेत घेऊन अशा केंद्रांत बराच फिरलो, एवढंच. या आजारात कोणतं औषध पहिलं द्यायचं हे तपासणीसाठी काढलेल्या तुकड्यावर ठरतं, आणि घाईत दिलेलं पहिलं औषध पुढच्या चांगल्या औषधाची वाट अडवू शकतं. म्हणून तुकडा नीट मिळवणं, तो नीट तपासून घेणं आणि तोवर धीर धरणं, यावर मी इथे जास्त बोलणार आहे.

आधी अपवाद सांगून टाकतो. चेहरा आणि मान सुजून मानेच्या शिरा फुगल्या असतील, पायांतली ताकद अचानक जात असेल किंवा लघवी अडकली असेल, फिट आली असेल, खोकल्यातून थुंकीला रेष लागण्यापलीकडे रक्त पडत असेल, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर धीर वगैरे काही धरायचा नाही. त्याच दिवशी आकस्मिक विभागात जायचं.

१. आजार कोणता, हे आधी वेगळं करा

फुप्फुसाचा कर्करोग फुप्फुसाच्या आत, श्वासनलिकांच्या अस्तरातून किंवा टोकाच्या वायुकोशांजवळ सुरू होतो. मेसोथेलिओमा फुप्फुसाभोवतीच्या पातळ आवरणाचा, म्हणजे प्लुराचा कर्करोग आहे. क्वचित तो पोटाच्या आवरणालाही होतो. दोन्हींमध्ये धाप लागते, छातीत दुखतं, छातीत पाणी होतं, आणि म्हणून घरचे लोक दोन्हींना "छातीचा कॅन्सर" म्हणून मोकळे होतात. पण तपासण्या, औषधं आणि ऑपरेशनचा विचार या दोन्हींत वेगळा असतो. जगभरात २०२२ या एका वर्षात फुप्फुसाच्या कर्करोगाचे सुमारे २५ लाख नवे रुग्ण नोंदले गेले, तर मेसोथेलिओमाचे सुमारे ३० हजार. त्यामुळे फुप्फुसाच्या कर्करोगात मुरलेल्या डॉक्टरांनीही मेसोथेलिओमा वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच पाहिलेला असू शकतो. केंद्र निवडताना हे लक्षात ठेवा.

फुप्फुसाच्या कर्करोगातही दोन घराणी आहेत. सुमारे ८५ टक्के रुग्णांत तो 'नॉन-स्मॉल सेल' प्रकारचा असतो. त्यात अॅडिनोकार्सिनोमा आणि स्क्वेमस हे मुख्य. उरलेला 'स्मॉल सेल' झपाट्याने वाढतो. खाली जो धीराचा सल्ला देतोय, तो स्मॉल सेलला लागू नाही. तिथे निदान झाल्यावर दिवस मोजूनच उपचार सुरू करतात.

२. कामाचा इतिहास, एका कागदावर

मेसोथेलिओमाचं मुख्य कारण अॅस्बेस्टॉस, म्हणजे उष्णता अडवायला वापरलं जाणारं बारीक धाग्यांचं खनिज. दक्षिण आफ्रिकेतल्या नॉर्दर्न केपमधल्या अॅस्बेस्टॉस खाणींच्या परिसरातले ३३ रुग्ण वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी १९६० मध्ये नोंदवले, तेव्हापासून हा संबंध पक्का होत गेला. तुर्कस्तानातल्या कपाडोकिया भागातल्या काही खेड्यांत एरिओनाइट नावाच्या तंतुमय खनिजामुळे हाच आजार घराघरांत आढळला. श्वासातून धागा आत गेल्यापासून आजार दिसेपर्यंत २० ते ५० वर्षं जातात. म्हणूनच निवृत्त माणसाला "तुम्ही कुठे काम करायचे?" असं विचारून भागत नाही. विचारायचं असं: पहिली नोकरी कोणती, त्यात हाताला काय लागायचं, धूळ उडायची का, कामाचे कपडे घरी कोण धूत होतं? धूळ भरलेले कपडे धुणाऱ्या बायकांना हा आजार झाल्याच्या नोंदी आहेत.

ओळखीतल्या एका काकांनी आधी ठामपणे सांगितलं, "मी कधी कारखान्यात नव्हतोच." मग दोन दिवसांनी बोलता बोलता निघालं की विशीत दीड वर्ष जहाजांच्या बॉयलरवरची जुनी वेष्टणं सोलून काढायचं काम त्यांनी केलं होतं. ते त्याला 'नोकरी' मानतच नव्हते. त्या दीड वर्षाने पॅथॉलॉजिस्टच्या, म्हणजे तुकडा तपासणाऱ्या डॉक्टरांच्या, डोक्यातली शंका बदलली. बऱ्याच देशांत अॅस्बेस्टॉसमुळे झालेला मेसोथेलिओमा व्यवसायजन्य आजार मानतात, तेव्हा कामाची जुनी ओळखपत्रं, पगाराच्या चिठ्ठ्या, सोबत काम केलेल्यांची नावं असं काही असेल तर जपून ठेवा.

सिगारेटने मेसोथेलिओमा होत नाही. मात्र अॅस्बेस्टॉस आणि सिगारेट दोन्ही एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका दोन्हींच्या बेरजेहूनही जास्त वाढतो. डॉक्टर 'पॅक-वर्षं' विचारतील, तर हिशेब सोपा आहे: रोजची पाकिटं गुणिले वर्षं. रोज २० सिगारेटचं एक पाकीट ३० वर्षं ओढलं तर ३० पॅक-वर्षं, रोज दहा सिगारेट ओढल्या तर १५. खरा आकडा सांगा. तिथे कोणी रागवायला बसलेलं नसतं, आणि कधीच न ओढलेल्या माणसाला हा कर्करोग होतच नाही असंही नाही. जमिनीतून येणारा किरणोत्सारी रेडॉन वायू, डिझेलचा धूर आणि बाहेरची प्रदूषित हवा यांनाही कर्करोगकारक म्हणून अधिकृत मान्यता आहे. प्रदूषित हवेला ती २०१३ मध्ये मिळाली.

३. फाईल

केंद्रातल्या ओपीडीत दहा-पंधरा मिनिटं मिळतात. ती कागद शोधण्यात घालवू नका. मला जमलेली पद्धत अशी: सगळ्यांत वर एक पान, त्यावर तारखेनिशी काय कधी झालं ते, त्याखाली बायोप्सीचे कागद, मग स्कॅन, मग रक्ताचे रिपोर्ट, शेवटी चालू औषधं मात्रेसकट. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती वरच्या पानावर लाल शाईत, कारण सुई घालण्याआधी तिचाच प्रश्न येतो.

सीटीचा नुसता कागद पुरत नाही, फिल्मही पुरत नाही. सीडी किंवा ड्राइव्हवर मूळ प्रतिमा घ्या. केंद्रातले रेडिऑलॉजिस्ट त्या स्वतः पुन्हा वाचतात. आणि सीडी घरी एकदा उघडून पाहा. रिकामी सीडी घेऊन गेलेलं एक कुटुंब मी स्वतः पाहिलंय.

४. तुकडा

कोअर बायोप्सीत निघणारा तुकडा पेन्सिलीच्या शिसाएवढा जाड आणि सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांब असतो. तो फॉर्मेलिनमध्ये टाकतात, मग मेणात बसवतात. प्लास्टिकच्या लहानशा जाळीदार चौकटीवर मेणाचा ठोकळा आणि त्यात फिकट, जेमतेम दिसणारी रेघ: हाच ब्लॉक. मामांचा ब्लॉक मी हातात घेतला तेव्हा विश्वास बसेना की पुढचं सगळं या रेघेत आहे. त्या मेणाच्या पातळ चकत्या कापून काचेवर लावतात, त्या स्लाइड. प्रत्येक तपासणीला चकत्या लागतात आणि रेघ संपत जाते. म्हणून बायोप्सी करणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगायचं, "जनुकीय तपासणीलाही पुरेल एवढं काढा." हे वाक्य बोलायला संकोच वाटतो. तरी बोला.

कुठून तुकडा घ्यायचा हेही महत्त्वाचं. गाठ मधोमध असेल तर दुर्बीण श्वासनलिकेतून जाते. कडेला असेल तर सीटीत बघत बाहेरून सुई. छातीच्या मधल्या भागातल्या लसिका ग्रंथींसाठी ईबस, म्हणजे टोकाला सोनोग्राफी असलेली दुर्बीण. आजार यकृतात किंवा मानेतल्या गाठीत पसरला असेल तर तिथून घेणं सोपं आणि त्याच फटक्यात स्टेजही कळते. हाडातून घेतलेल्या तुकड्याची एक गोम आहे. तो मऊ करायला आम्ल वापरलं तर डीएनए खराब होतो आणि जनुकीय तपासणी फसते. हाडातूनच घ्यायचं असेल तर प्रयोगशाळेला आधी कळवायला सांगा.

छातीतलं पाणी काढलं तर ते गटारात जाऊ देऊ नका. त्यातल्या पेशी खाली बसवून त्यांचाही ब्लॉक करता येतो, आणि फुप्फुसाच्या कर्करोगात त्यावर जनुकीय तपासण्या होतात.

मग त्या रेघेवर काय काय पाहायचं? आधी प्रकार. त्यासाठी पेशींवर विशिष्ट रंग लावतात, त्यांना डाग म्हणतात. टीटीएफ-१ हा डाग अॅडिनोकार्सिनोमाकडे बोट दाखवतो, पी४० स्क्वेमसकडे. हे ठरल्यावर, विशेषतः अॅडिनोकार्सिनोमात, जनुकांतले बदल: ईजीएफआर, एएलके, आरओएस१, बीआरएएफ, केआरएएस, मेट, रेट, हर२, एनटीआरके. एकेक सुट्टं तपासत बसलं की रेघ संपते; म्हणून शक्य तिथे सगळं एकदम पाहणारं पॅनेल, ज्याला एनजीएस म्हणतात, ते करून घ्यावं. त्याला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. शिवाय पीडी-एल१ हे प्रथिन किती टक्के पेशींवर आहे ती टक्केवारी, जी इम्युनोथेरपीच्या, म्हणजे शरीराच्या संरक्षणव्यवस्थेला कर्करोगावर सोडणाऱ्या औषधांच्या, निर्णयात लागते.

एवढं कशासाठी? २००४ मध्ये ईजीएफआर जनुकातल्या बदलांचा आणि गोळीच्या परिणामाचा संबंध सापडला, २००७ मध्ये एएलके जनुक दुसऱ्या जनुकाला चुकीचं जोडलं जातं हे सापडलं, आणि इलाज बदलून गेला. ईजीएफआर बदल असलेल्या पसरलेल्या आजारात ओसिमर्टिनिब ही रोजची एक गोळी घेणाऱ्यांत आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ (निम्म्या लोकांत याहून कमी, निम्म्यांत जास्त) १८.९ महिने होता, जुन्या गोळ्यांवर १०.२. एएलकेमध्ये लोरलाटिनिब घेणाऱ्यांपैकी ६० टक्के लोकांचा आजार पाच वर्षांनीही वाढलेला नव्हता. क्रिझोटिनिब या जुन्या गोळीवर हे प्रमाण ८ टक्के होतं. सिगारेट कधी न ओढलेल्यांत हे बदल जास्त सापडतात, पण ओढणाऱ्यांतही सापडतात, तेव्हा सवय बघून तपासणी गाळू नका.

आणि आता घाईचा तोटा. रिपोर्ट यायच्या आत कोणी इम्युनोथेरपी सुरू केली आणि आठवड्याभराने ईजीएफआर बदल निघाला, तर लगेच ओसिमर्टिनिब सुरू करताना फुप्फुसाला सूज येण्याचा गंभीर धोका वाढतो. इम्युनोथेरपीचा परिणाम शरीरात महिनोन् महिने रेंगाळतो. ती परत घेता येत नाही. रुग्ण थांबण्याच्या स्थितीत नसेल तर अनुभवी डॉक्टर पहिली सायकल, म्हणजे औषधाची पहिली फेरी, नुसत्या किमोची देतात आणि इम्युनोथेरपी रिपोर्टपर्यंत राखून ठेवतात. "रिपोर्टपर्यंत नुसती किमो देता येईल का?" हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

तुकडा अपुरा पडला किंवा पुन्हा सुई घालणं धोक्याचं असलं तर रक्तातल्या डीएनएवरून तपासणी करता येते, तिला लिक्विड बायोप्सी म्हणतात. तिच्यात बदल सापडला तर तो खरा धरून चालतात. सापडला नाही तर 'नाही' असा अर्थ काढायचा नाही. गाठीने रक्तात पुरेसा डीएनए सोडलाच नसेल.

५. स्टेज

आजार कुठवर पसरलाय हे पाहायला पेट स्कॅन (ज्यात जास्त सक्रिय जागा चमकतात), मेंदूचा एमआरआय आणि गरज पडली तर ईबस. पेटवर चमकलेलं सगळं कर्करोगच असतं असं नाही. क्षयरोग, सार्कॉइडोसिस नावाचा सुजेचा आजार, साधा न्यूमोनियाही चमकतो. "लसिका ग्रंथी चमकल्या, म्हणजे ऑपरेशन होणार नाही" असं कोणी पेटच्या कागदावरून सांगितलं तर त्या ग्रंथीतून सुईने पेशी घेतल्या का, हे विचारा. मामांच्या मधल्या ग्रंथी चमकल्या होत्या. दोन ग्रंथींत काही निघालं नाही, तिसरीत निघालं.

६. ट्यूमर बोर्ड

ज्या केंद्रात सर्जन, किमोचे डॉक्टर, रेडिएशनचे डॉक्टर, छातीरोगतज्ज्ञ, रेडिऑलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट एका टेबलाभोवती बसून तुमच्या स्कॅनवर बोलतात, ते केंद्र धरा. इमारतीच्या चकचकीतपणापेक्षा मी हाच निकष वर ठेवतो. विचारायचं सरळ: आमची केस बोर्डात कधी गेली, काय ठरलं, ते लेखी मिळेल का? ऑपरेशन ठरलं तर ते छातीचेच सर्जन करणार ना, अशी वर्षाला किती ऑपरेशनं होतात? मेसोथेलिओमा असेल तर पॅथॉलॉजिस्टने आधी तो किती वेळा पाहिलाय? चांगले डॉक्टर या प्रश्नांना चिडत नाहीत. चिडले तर तीही माहितीच.

घरापासून दूरचं केंद्र परवडत नसेल तर एक मधला रस्ता आहे: मत, बोर्ड आणि जनुकीय तपासणी मोठ्या केंद्रात, सलाइनमधून द्यायची औषधं त्यांच्या लेखी आराखड्यानुसार जवळच्या रुग्णालयात.

७. फुप्फुसाच्या कर्करोगाचे उपचार

लहान, एकाच जागी असलेली गाठ: ऑपरेशन. आधी श्वासाची ताकद मोजतात. नळीत जोरात फुंकायचं, "अजून, अजून, अजून" असं तंत्रज्ञ ओरडत असतात, आणि पडद्यावरची रेघ वर चढते. त्यात एफईव्ही१, म्हणजे पहिल्या सेकंदात बाहेर फुंकलेली हवा, आणि वायू रक्तात जाण्याची क्षमता, हे दोन आकडे पाहतात. पूर्वी सरसकट फुप्फुसाचा पूर्ण खंड काढायचे. कडेला असलेल्या २ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीत खंडाचा फक्त एक भाग काढला तरी आयुष्य कमी होत नाही, हे जपानमधल्या मोठ्या चाचणीत २०२२ मध्ये दिसलं. ऑपरेशन झेपणार नसेल तर तीन ते पाच बैठकींत नेमक्या जागी जास्त मात्रेचं रेडिएशन देतात, ज्याला एसबीआरटी म्हणतात.

गाठ थोडी मोठी किंवा ग्रंथींपर्यंत गेलेली, पण काढता येण्यासारखी असेल तर हल्ली आधी किमो आणि इम्युनोथेरपीच्या तीन-चार सायकल आणि मग ऑपरेशन, हा क्रम रुळलाय. २०२२ च्या एका चाचणीत या क्रमाने २४ टक्के रुग्णांच्या काढलेल्या गाठीत जिवंत कर्करोग उरलाच नव्हता. नुसत्या किमोवर २.२ टक्के. इथेही ईजीएफआर आणि एएलकेचा रिपोर्ट आधी हवा. ईजीएफआर बदल असेल तर ऑपरेशननंतर तीन वर्षं ओसिमर्टिनिब: पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ८८ टक्के, ती न घेता ७८ टक्के.

ऑपरेशनच्या पलीकडे गेलेला, पण छातीतच असलेला आजार, म्हणजे मामांचा. त्यांना सहा आठवडे रेडिएशन, ३० बैठका, एकूण ६० ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या मात्रेचं माप), आणि सोबत किमो. मावशी म्हणायच्या, "शेक जरा जास्त द्या म्हणावं." जास्त देऊन पाहिलंय. २०१५ मध्ये आलेल्या तुलनेत ७४ ग्रे मिळालेल्यांचं आयुष्य ६० ग्रेवाल्यांपेक्षा कमी भरलं. मामांना त्यानंतर दुर्व्हालुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध वर्षभर. हे दिल्यावर पाच वर्षांनी जिवंत असणारे सुमारे ४३ टक्के, न देता ३३. रेडिएशनच्या चौथ्या आठवड्यात त्यांची अन्ननलिका इतकी सोलवटली की पाण्याचा घोटही टोचायचा. हे येणार हे आधी सांगितलेलं असतं, तरी तेव्हा माणूस घाबरतो. गिळण्याआधी घ्यायचं बधिर करणारं औषध मागून घ्या, वजन दर आठवड्याला लिहा.

पसरलेला आजार: बदल सापडला तर बहुधा गोळी, नाही सापडला तर पीडी-एल१ बघून इम्युनोथेरपी, एकटी किंवा किमोबरोबर. पीडी-एल१ ५० टक्के किंवा जास्त असलेल्यांत पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधावर पाच वर्षांनी ३१.९ टक्के लोक जिवंत होते, किमोवर १६.३. हे आकडे लहान वाटतात, पण जुन्या डॉक्टरांना विचारा, ते डोळे विस्फारतील.

स्मॉल सेल छातीपुरता मर्यादित असेल तर किमो आणि रेडिएशन एकत्र, त्यानंतर इम्युनोथेरपी; पसरलेला असेल तर किमो आणि इम्युनोथेरपी. सुरुवातीला तो भराभर विरघळतो, आणि परतही येतो. दोन्ही गोष्टी पहिल्याच भेटीत स्पष्ट ऐकून घ्या.

८. मेसोथेलिओमा

यात बहुतेकांना आधी पाणी भेटतं. काकांचं पाणी तीनदा काढलं, प्रत्येक वेळी बाटलीभर, पिवळसर-लालसर, आणि तिन्ही वेळा रिपोर्ट 'संशयास्पद' यापुढे गेला नाही. ते होणारच होतं. नुसत्या पाण्यातल्या पेशींवरून मेसोथेलिओमा ठरवणं अवघड. पेशी आवरणातून खालच्या चरबीत घुसल्यात का हे पाहायला मांसाचा तुकडा लागतो. त्यासाठी थोरॅकोस्कोपी: बरगड्यांमधून दुर्बीण घालून आवरणाचे तुकडे घेणं, आणि त्याच वेळी टॅल्क, म्हणजे आवरणाचे दोन थर चिकटवणारी पूड, फवारून पाणी पुन्हा साचू न देणं. दुसऱ्यांदा पाणी साचलं आणि कारण सापडलं नाही, तर थोरॅकोस्कोपीबद्दल विचारा. तिसऱ्या बाटलीची वाट पाहू नका. फुप्फुस पूर्ण फुगत नसेल तर टॅल्क चिकटत नाही; मग छातीत बारीक नळी ठेवून घरीच पाणी काढता येतं.

तुकड्यावर कॅलरेटिनिन, डब्ल्यूटी१ यांसारखे डाग मेसोथेलिओमाच्या बाजूने बोलतात; बीएपी१ किंवा एमटॅप गायब असणं हे तो सौम्य सूज नसल्याचं लक्षण. मग प्रकार: एपिथेलिऑइड, सार्कोमॅटॉइड किंवा दोन्हींचं मिश्रण. हा शब्द रिपोर्टमध्ये नसेल तर रिपोर्ट अपुरा आहे, कारण औषधाची निवड त्यावर फिरते. २००३ पासून पेमेट्रेक्सेड आणि सिस्प्लॅटिन ही किमोची जोडी चालत आली. एकट्या सिस्प्लॅटिनवर मध्यक आयुष्य ९.३ महिने, जोडीवर १२.१. पेमेट्रेक्सेडच्या आठवडाभर आधीपासून रोज फॉलिक अॅसिडची गोळी लागते, शिवाय बी१२ चं इंजेक्शन, पण ते रोज नाही. ही गोळी चुकली की तोंड येणं, पांढऱ्या पेशी घसरणं वाढतं. साधी जीवनसत्त्वाची गोळी म्हणून ती बाजूला ठेवली जाते, हे मी दोनदा पाहिलंय. पुढे इपिलिमुमॅब आणि निव्होलुमॅब या दोन इम्युनोथेरपींनी मध्यक आयुष्य किमोवरच्या १४.१ वरून १८.१ महिन्यांवर नेलं. फायदा सगळ्यांत ठळक दिसला तो एपिथेलिऑइड नसलेल्या प्रकारांत: किमोवर ८.८ महिने, या जोडीवर १८.१.

ऑपरेशनचं मात्र सांभाळून. आजारी आवरण सोलून काढलं तर बरं होईल, हे मनाला पटतं. ब्रिटनमधल्या मार्स-२ या चाचणीत ३३५ रुग्णांना चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागलं. एका गटाला किमो आणि हे मोठं ऑपरेशन, दुसऱ्याला नुसती किमो. २०२४ मध्ये निकाल आला: ऑपरेशनवाल्यांचं मध्यक आयुष्य १९.३ महिने, नुसत्या किमोवाल्यांचं २४.८. कोणी लगेच ऑपरेशनची तारीख देत असेल तर या चाचणीचं नाव घेऊन "आमच्यात वेगळं काय आहे?" असं विचारा आणि उत्तर बोर्डाकडून घ्या.

९. संशोधनात भाग घ्यायचा का?

वरचा एकेक आकडा कुणीतरी सही करून दिलेल्या शरीरातून आलाय. मार्स-२ मधल्या लोकांनी भाग घेतला नसता तर आजही ते ऑपरेशन जास्त लोकांवर होत राहिलं असतं. तरीही सही उपकार म्हणून करू नका, समजून करा.

पहिली गोष्ट वेळेची. बऱ्याच चाचण्यांत फक्त अजून एकही औषध न घेतलेले रुग्ण घेतात. पहिली किमो लागली की दार बंद. म्हणून "आमच्यासाठी सध्या एखादी चाचणी चालू आहे का?" हा प्रश्न पहिल्या भेटीतच.

संमतिपत्र घरी आणा, रात्री मोठ्याने वाचा. त्यात शोधायचं: टप्पा कोणता? पहिल्या टप्प्यात मुख्यतः मात्रा आणि सुरक्षितता पाहतात, तिसऱ्यात नवं औषध चालू प्रमाणित उपचारासमोर ठेवतात. दुसऱ्या गटाला काय मिळणार? कर्करोगात बहुतेक वेळा प्रमाणित उपचार मिळतोच, नुसती साखरेची गोळी देऊन सोडत नाहीत. पण तुमच्या पत्रात काय लिहिलंय ते पाहा. जादा बायोप्सी किती? कोणता खर्च चाचणी उचलणार, कोणता तुम्ही? इजा झाली तर जबाबदारी कोणाची? कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं, आणि त्याने नेहमीचे उपचार थांबत नाहीत. हे वाक्य पत्रात नसेल तर सही नको.

१०. घरी

किमो चालू असताना ३८ अंश सेल्सिअसच्या (सुमारे १००.४ फॅरनहाइट) वर ताप म्हणजे रात्री दोन वाजता असला तरी फोन. इम्युनोथेरपीचं तंत्र वेगळं आहे. तिथे शरीराची संरक्षणव्यवस्थाच आपल्या अवयवांवर उलटते: नवा कोरडा खोकला आणि वाढती धाप, दिवसातून चार-पाच वेळा पातळ शौच, विलक्षण थकवा, डोळे पिवळे. जवळच्या डॉक्टरांना हे साधा संसर्ग वाटू शकतं आणि ते प्रतिजैविकं देतात, तर खरी गरज स्टिरॉइडची असते.

वेदना आणि धाप यांच्यासाठी पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे त्रास कमी करण्यावर काम करणारे, डॉक्टर सुरुवातीलाच भेटवा. त्या विभागाचं नाव काढलं की घरात शांतता पसरते. २०१० मध्ये एका चाचणीत पसरलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगात ही सेवा निदानानंतर लगेच मिळालेले लोक मध्यक ११.६ महिने जगले, उशिरा किंवा न मिळालेले ८.९, आणि त्यांचे दिवसही बरे गेले.

घरात आणखी कोणी बरीच वर्षं सिगारेट ओढणारं, पन्नाशी उलटलेलं असेल तर त्यांच्यासाठी कमी मात्रेच्या सीटीबद्दल विचारा. २०११ मध्ये आलेल्या ५३ हजारांवर लोकांच्या चाचणीत तिने फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी घटवले. साध्या एक्स-रेने तसा फायदा होत नाही. आमच्याकडे मामांच्या धाकट्या भावाने ती करून घेतली, तीही मावशींनी चार वेळा भांडल्यावर.

दुर्व्हालुमॅब संपलं तेव्हा केंद्राने मामांना एक कार्ड दिलं: औषधाचं नाव, शेवटच्या सलाइनची तारीख, आणि खाली "धाप किंवा जुलाब झाल्यास स्टिरॉइडचा विचार करा, आम्हाला फोन करा". औषध थांबल्यावर तीन महिन्यांनी खोकला सुरू झाला, तेव्हा आकस्मिक विभागातल्या तरुण डॉक्टरांनी प्रतिजैविक लिहायला घेतलं होतं. मामांनी पाकिटातून ते कार्ड काढून टेबलावर ठेवलं.